लोखंडाचं माहेर

आमच्या भाटव्यांनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट सरळ ठेवली असेल तर शपथ! भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात लाखनीला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं लोखंड वाकवायचं दुकान होतं. तीन जाडजूड रुळांचं यंत्र. एका बाजूनं सरळ पट्टी घालायची, दुसऱ्या बाजूनं ती गोलाई घेऊन बाहेर. बैलगाडीच्या चाकाची धाव असो, राईस मिलचं धुराडं असो की देवळापुढची कमान, अर्ध्या जिल्ह्याची गोलाई आपल्या हातची आहे हे ते स्वतःच सांगत फिरायचे. लाजबीज काही नाही. लग्नात अक्षता मुठीत तशाच ठेवून मांडवाच्या कमानीकडे डोळे बारीक करून बघत. एकदा तर ऐन मंगलाष्टकात मोठ्यानं म्हणाले, "कोनं वाकवली हो ही? डाव्या बाजूनं झोपली ना!" भटजी थांबले, तेव्हा ताईनं असा चिमटा काढला की बस्स. ताईचं दुःख वेगळंच होतं. "माह्या घरचा झारा बी कमान होऊन रायला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

यंत्र फिरत असताना मात्र दुकानात कोणी हूं की चूं करायचं नाही. एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तर हे रस्त्यावर धावले, "काहून बोंबलतं बे? लोखंड दचकते ना!" लोखंडाविषयी त्यांचा एक सिद्धांत होता. "लोखंडाले माहेराची ओढ रायते बाप्पा. वाकवलं का जरासं परत जाते. म्हनून आधीच थोडं जास्त वाकवा लागते." या जास्तीच्या वाकाला ते 'माहेराचं' म्हणायचे आणि ते अंदाजानं द्यायचे. अंदाज कधी चुकला नव्हता.

त्यांची एकुलती एक लेक सुमन सानगडीला दिली. लग्नाच्या पंगतीतच भाटव्यांनी व्याह्यांना सांगून टाकलं, "तुमच्या बाजाराले कमान मी देतो. अशी देतो का भंडाऱ्याचे लोक पाहाले येतील!" व्याह्यांनी ते गावभर केलं. झालं! आता कमान फसली असती तर भाटवे लाखनीला निघून गेले असते. टोमणे ऐकायचे सुमनला.

कमान वाजतगाजत गाडीतून आली. अख्खा बाजार जमला. आम्ही दोर धरून ती वर चढवली, एक पाय खांबावर टेकला आणि दुसरा वीतभर आतच लोंबकळत राहिला. कोणीतरी फिसकन हसलं. बायांमध्ये सुमन दातात पदर धरून उभी होती.

भाटव्यांनी कमानीवरून हात फिरवला. "माहेराचं जास्त झालं," ते हळूच मला म्हणाले. "वाटलं, जाईल परत. गेलंच नाई." पोळ्याला सुमन येणार होती, धानाची रोवणी लांबली आणि ती आली नाही. त्या दिवसांत हा बाप यंत्रापाशी उभा राहून आणखी एक फेरा, आणखी एक फेरा देत बसला होता. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उतरवा खाली. चूक माही हाय. वापस नेतो." त्यांच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तेवढ्यात व्याही धोतर खोचत पुढे आले. "वापस कायले नेता, इवाई? ह्या खांबाच्या खड्ड्यात आजून नुसती गिट्टीच हाय." त्यांनी सब्बल, म्हणजे पहार, उचलली. "तुमची पोरगी आमच्या घरात आली, किती जमवून घेतलं तिनं, आमी पायलं ना. आमचा एक खांब सरकला तं का लहान होऊ आमी?"

खांब सरकला. कमान अशी बसली की देखते रह जाओ! भाटवे तोंड फिरवून बोल्ट कसत बसले, आधीच कसलेले बोल्ट.

आता भाटवे नाहीत. दुकानाच्या जागी टायरचं दुकान झालं. पण ती कमान बघितली की आजही माझी छाती फुगते. आमच्या माणसाची आहे ती! वाट तेवढी वीतभर अरुंद राहिली. धानाच्या तणसाची भरलेली गाडी तिथं हमखास अडकते आणि गाडीवाला खांबाला शिव्या घालतो. सुमन, आता स्वतः सासू झालेली, जवळपास असली की लगेच म्हणते, "त्याले कायी म्हनू नको गा. तो माह्यासाठी सरकला हाय."