तालुका हादरवणाऱ्या खारोड्या

'तालुका हादरला' असं पेपरात आलं, त्या सकाळी मी त्याच तालुक्यात, धावड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात, पारावर चहा पीत बसलो होतो. बशीतला चहासुद्धा हलला नाही. खरंच हादरला असता तर सगळ्यात आधी मला कळलं असतं. माझी झोप इतकी हलकी, की राजूरच्या गणपतीपुढे कुणी नारळ फोडला तरी मी इथे कूस बदलतो.

बातमी आमच्या काकांची होती. काका दर दिवाळीला घरीच भुईनळे भरायचे. हे कायद्यात बसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून सगळ्या गावाला विश्वासात घेऊन चोरून भरायचे. त्यांच्या भुईनळ्याचं झाड असं उंच जायचं, की त्याच्या उजेडात मी एकदा शेजारच्या गावातली लग्नपत्रिका वाचलीय, तीही चष्म्याशिवाय. यंदा कुणीतरी चुगली केली. भरदुपारी पोलीस आले, फडताळातला माल उचलला, काकांची सही घेतली आणि गेले. चाळीसेक भुईनळे असतील. झालं, एवढीच गोष्ट.

पेपरात मात्र मथळा होता, 'घरातच स्फोटकांचा कारखाना, घातपाताचा डाव उधळला?' शेवटच्या त्या प्रश्नचिन्हाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. तीस वर्षं मी थापा मारतोय, पण ही सोय मला कुणी सांगितली नव्हती.

खाली फोटो. ठाण्यातलं लांब टेबल, मागे छाती काढून उभे पाच जण. चाळीस भुईनळ्यांनी टेबलाचा कोपराही भरेना, म्हणून की काय, मधोमध एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा उघडून ठेवला होता. त्याखाली लिहिलं होतं, 'राखाडी रंगाच्या स्फोटक गोळ्या'.

काकांच्या घरी गेलो तसा काकूनं पेपर माझ्या हातातून ओढला.

"अगं बाई! ह्यो तर माझा डबा. खारोड्या हायत ह्या माझ्या!"

खारोड्या म्हणजे बाजरीची भरड ताकात शिजवून, तीळ-लसूण-मिरची घालून, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या बोराएवढ्या गोळ्या. नुसत्या शेंगदाण्यासंगं खायच्या. काकूची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, जालन्याला मस्तगडात दिलेली. तिला सातवा लागला होता आणि तिचे डोहाळे या एकाच गोष्टीवर येऊन बसले होते. रविवारी डोहाळजेवण. तो डबा तिच्यासाठीच राखून ठेवलेला, आणि दिवाळीच्या तोंडावर नव्या खारोड्या घालायला वैशाखातलं ऊन आणायचं कुठून?

"तुम्ही काहून बोलले न्हाई हो?" काकू काकांवर धावली. ती त्या दुपारी कापूस वेचायला गेल्ती.

"मला वाटलं, साहेबांनी खायला घेतल्या," काका म्हणाले.

डबा आणायचाच म्हणून काकू निघाली. मागं मी. काका घरीच राहिले. एका आठवड्यात दोनदा पोलीस त्यांना सोसले नसते.

ठाण्यातले साहेब कोकणातले, नवेच बदलून आलेले. ते म्हणाले, "बाई, हा मुद्देमाल आहे. लॅबला जाणार."

"लॅबला कशाला? मी हितंच तपासून दावते." काकूनं डब्यात हात घातला आणि एक खारोडी तोंडात टाकली. साहेब खुर्चीसकट असे मागे सरकले, की मागच्या भिंतीला अजून पोचा आहे. काकू कुरुमकुरुम चावत उभी. काही फुटलं नाही.

मग साहेबांनी एक उचलली, जिभेला लावली, चावली. थोडं थांबून दुसरी घेतली. "खात्री करावी लागते," म्हणाले.

कोपऱ्यातला जुना हवालदार आमच्याच भागातला. त्यानं टेबलाच्या खणातून शेंगदाण्याची पुडीच काढली.

"तुला ठाऊक होतं की रे मंग!" मी म्हटलं.

"पहिल्या दिसापासून. पण मला कुणी इचारलंच न्हाई," तो म्हणाला आणि मूठभर खारोड्या घेऊन त्यानंही खात्री केली. मग बाहेरचे दोघे आले. मग गाडीचा ड्रायव्हर आला. फोटोत उभे होते ते पाचही जण खात्री करून राह्यले होते आणि काकूचा डबा डोळ्यांदेखत खाली चालला होता. काकू पेचात पडली. खाऊ दिलं तर लेकीचं जातंय, हात धरावा तर पुन्हा ती स्फोटकंच.

डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा तिनं झाकण दाणकन लावलं.

"बास! कुणाला अजून शंका असंल तर उन्हाळ्यात घरी या."

साहेबांनी डबा दिला. आत दोन मुठी उरल्या होत्या. भुईनळे मात्र दिले नाहीत, आणि काकांना तारखेला बोलावलंच.

दोन दिवसांनी त्याच पेपरात, आतल्या पानावर, बोटभर बातमी आली. 'जप्त केलेल्या स्फोटक गोळ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट.' काकूनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"तज्ज्ञ कोण रे?"

"तूच की, काकू."

मला तर त्या पेपराचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं. एवढं खरं मी स्वतःही कधी बोललो नव्हतो.

रविवारी मस्तगडात बहिणीनं काकूनं पेपरात बांधून आणलेली पुडी सोडली, बसल्या बैठकीला दोन्ही मुठी संपवल्या आणि ओठाला लागलेले तीळ पुसत म्हणाली, "आई, एवढ्याच?"

काकूनं पुडीचा तोच कागद सरळ करून तिच्यापुढं धरला.

"बाकीच्यांची बातमी आलीय बघ."