सहाच्या आकड्यावरचा दाणा

बीडच्या बाजारात चाँद घडीसाजाकडे घड्याळ द्यायचं, तर गिऱ्हाइकाला काम होईपर्यंत समोर बसावं लागे. घड्याळ टाकून बाजार उरकून येतो म्हटलं, की तो हात मागे घेई. "बसा. तुमी बसल्याबिगर मला उघडता येत न्हाई." लोक हसत, कुरकुरत, पण बसत. ही रीत त्यानं हौसेनं लावली नव्हती.

निजामाच्या अमलातलं चौतीस साल. तहसीलदार साहेबांचं मनगटी घड्याळ त्याच्याकडे आलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या वेळचं, काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग दिलेलं. अंधारात हिरवं चमके, म्हणून साहेबांचा त्यावर फार जीव. बंद पडल्यावर आठ वर्षं ते पेटीत होतं. चाँदनं ते साफ केलं, तेल घातलं, चालू करून दिलं. साहेब ते बांधून दौऱ्यावर गेले, तंबूत वेळ बघायला गेले, तर काळोख.

परतल्या पायी ते दुकानापुढे उभे राहिले. "क्यों मियाँ, रेडियम बेच खाया?"

सोन्याहून महाग वस्तू, एवढंच साऱ्या बाजाराला रेडियमबद्दल ठाऊक होतं. माणसं गोळा झाली. चाँद म्हणाला, "हुजूर, आकड्यांना मी हात लावला न्हाई." तेच पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा.

जुम्म्यानंतर कचेरीत निकाल होणार होता. तोवर त्यानं वेशीबाहेर जायचं नाही, हत्यारांना शिवायचं नाही. दुकानाच्या पायरीवर उत्तरेश्वर नावाचा पोलीस जवान पहाऱ्याला येऊन बसला. दुकान आणि घर एकच, मधे एक पडदा. चाँद त्या दोन खणांत फेऱ्या घालू लागला.

त्याला खाणारी गोष्ट निराळीच होती. तबकडीवरची धूळ झटकताना ब्रशाच्या केसानं सहाच्या आकड्यावरचा रंग सुटला होता. मोहरीहून बारीक दाणा. तो उडून कामाच्या पाटाच्या फटीत गेला. तेव्हा चाँदला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता सांगावं, तर लोक म्हणणार, एक कबूल केला, म्हणजे बाकीचेही यानंच खरवडले. न सांगावं, तर तीनदा बोललेलं खोटं तसंच राहणार. बायकोला, जैनबबीलाही त्यानं सांगितलं नाही.

"भाबी, चहात साखर कमी हाय," उत्तरेश्वर पायरीवरून म्हणाला.

"तुमी पहारा कमी करा, मी साखर वाढवते," जैनबबी पडद्याआडून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी राधाकिशन मास्तर आले. हैदराबादेत शिकून आलेले, शाळेत विज्ञान शिकवणारे. सारं ऐकून त्यांनी विचारलं, "चाँदभाई, तुम्हांला माहीत आहे का, चमकतं ते रेडियम नव्हेच? रेडियमचा अणू फुटतो, त्यातून एक कण सुटतो. अल्फा कण. तो रंगात त्याच्याबरोबर कालवलेल्या मसाल्यावर आपटतो, की तिथं ठिणगी पडते. मार खाऊन खाऊन मसाला दहा-पंधरा वर्षांत थकतो. रेडियम थकत नाही. त्याला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात."

"अल्फा म्हंजे?" जैनबबीनं विचारलं.

"ग्रीकांचं पहिलं अक्षर. आतून काय निघतंय ते कळेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी पहिलं, दुसरं, तिसरं अशी अक्षरं लावली. उर्दू पुस्तकात अल्फा ज़र्रा लिहितात, मराठीत मी अल्फा कण म्हणतो. कण मात्र तोच."

"म्हंजे नाव न्हाई ठेवलं, नंबराचा बिल्ला दिला. उत्तरेश्वरभाऊसारखा."

पायरीवर उत्तरेश्वर खोकला.

"मास्तर, ह्ये लेकराच्या अंगाला काही करतं का?" तिची कमरजहाँ नुकती रांगू लागली होती.

"कण कागदाच्या पलीकडेही जात नाही. पण दाणा पोटात गेला तर काय, ते माझ्या पुस्तकात नाही."

चाँदची नजर पाटाच्या फटीकडे गेली आणि तिथंच राहिली. जैनबबीनं ती पाहिली. तिनं लेकीला उचलून पडद्यामागे नेलं.

मास्तर कचेरीत जाऊन आले. त्यांचं म्हणणं, रेडियम जागेवर असेल तर थकल्या मसाल्यातही भिंगाखाली फिक्या ठिणग्या दिसतील, चोरीला गेलं असेल तर दिसणार नाहीत. साहेबांनी आपल्या डोळ्यांनी बघावं. साहेबांनाही कुतूहल होतंच. भर दुपारी ते आले. खिडकी बंद केली, आणि दोन जाड गोधड्यांखाली तहसीलदार आणि घडीसाज गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"कुछ नहीं दिखता," साहेब लगेच म्हणाले.

"हुजूर, डोळ्यांना अंधार मुरायला वेळ लागतो," मास्तर बाहेरून म्हणाले. "पाव घंटा."

उकाडा होता. गोधडीत साहेबांच्या अत्तराचा आणि चाँदच्या घामाचा वास कोंडला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग साहेबांनी भिंग डोळ्याशी आणखी जवळ धरलं. चाँदनं त्यांच्या आधी भिंगातून पाहिलं होतं, म्हणून त्याला ठाऊक होतं ते काय बघताहेत. बाराच्या आकड्यावर उकळत्या पाण्यासारखी खळबळ, फिक्या ठिणग्या, एक विझते तोच दुसरी. तीनवर तसंच. नऊवर तसंच.

"सहा पर कुछ नहीं," साहेब हळूच म्हणाले.

बाहेर कुणाला ऐकू गेलं नसावं. चाँदला वाटलं, गोधडी अंगाला चिकटली आहे. साहेब चुकीचं बघताहेत असं म्हणता आलं असतं.

"हुजूर, तो दाणा माझ्या ब्रशानं उडाला. फटीत पडला. मी बोललो न्हाई."

साहेबांनी भिंग पुन्हा सहावर नेलं.

"बस उतना ही?"

"तेवढाच."

गोधडी बाजूला झाली. साहेबांनी डोळे चोळत घड्याळ बांधलं. चोरीचं बालंट काढलं, उत्तरेश्वरला उठवलं. जाताना मात्र हुकूम देऊन गेले: यापुढे मालक समोर नसताना या माणसानं एकही घड्याळ उघडायचं नाही.

जैनबबीनं त्याच दिवशी फटीत मेण ओतलं. तरी कमरजहाँला त्या पाटाजवळ तिनं कधी खेळू दिलं नाही.

चौदा वर्षांनी निजामाचा अंमल गेला. साहेब त्याआधीच बदलून गेले होते. हुकूम लक्षात असलेलं कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणत, "चाँदभाई, आता तर उघडा की, आमी येतो जाऊन." तो पेचकस उचले. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघे आणि परत ठेवी.

"बसा," म्हणे. "थोडाच वेळ लागंल."