दगड आमचे, बुरूज गॉवेनचा

आमच्या रीड नदीच्या खोऱ्यात गॉवेन हेडलीला कुणी हाक मारत नसे. तोच बुरुजाच्या माथ्यावरून आम्हाला हाका मारायचा. बुरूज त्याचा, पण दगड आमचे. दोन उन्हाळे अख्ख्या खोऱ्याने ते नदीतून वाहून आणले. बोली एवढीच होती, की सरहद्दीपलीकडचे लुटारू आले, वर जाळ पेटला, की सगळ्यांची गुरं तळमजल्यात आणि माणसं वर. जेनेटने तर पोटुशी असताना दगड उचलले, नंतर बिचारी विधवा झाली. गॉवेनने काय उचललं? भुवया.

पुढे त्याची गुरं चाळीस झाली आणि जीभ त्याहून लांब. पाच फूट जाड भिंत आहे, सैतानही डोकं आपटून परत जाईल, असं हा आयत्या बिळावरचा नागोबा चर्चमध्येसुद्धा सांगायचा.

एका ऑक्टोबरात पहाटे त्याने जाळ पेटवला आणि लोखंडी जाळीचं दार आतून लावून घेतलं. जेनेट तिची एकुलती एक गाय ओढत आली. ती गाय गेली असती तर हिवाळ्यात तिची दोन पोरं उपाशीच मेली असती.

"भाऊ, एकच गाय आहे रे," ती म्हणाली.

"इथं फक्त माझी गुरं. तुझं तू बघ."

मी मागेच माझ्या शेळ्या धरून उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही, त्याची अजून लाज वाटते. जेनेट वळली ती थेट दलदलीत शिरली. तिथली वाट, चुलीत जाळायला तिथली माती कापून वाळवणाऱ्या आम्हा लोकांनाच ठाऊक. आम्ही सगळे तिच्यामागून गेलो.

लुटारूंनी भिंतीला हातही लावला नाही. दाराशी ओला पेंढा रचून पेटवला. धूर जिन्याने वर चढला. घटकाभरात आमचा शूरवीर खोकत, डोळे चोळत बाहेर आला. चाळीस गुरं गेली, वर त्याचे बूटही नेले.

दुसऱ्या दिवशी तो भर पावसात अनवाणी जेनेटच्या झोपडीपाशी आला. बायको एलिनॉर धुराने आजारी होती, तिला दूध हवं होतं. जेनेटने वाडगा काठोकाठ भरून दिला. तो आत यायला लागला, तसा तिने दारात हात आडवा धरला.

"दूध ने, भाऊ. इथं फक्त माझी गुरं."

तो वाडगा घेऊन गेला. एलिनॉरचं अर्धं दूध त्याने बुरुजाच्या आडोशाला उभं राहून स्वतःच संपवलं. मी पाहिलं.