मामंजींचा बाक आणि मावशींचं ऊन

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा मुंबईसकट महाराष्ट्र हवा म्हणून अख्खा मजला पेटलेला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज सभेला जायचे आणि घसा बसवून यायचे. "हक्काची एक वीत जमीन सोडायची नाही!" दुसऱ्याच्या हक्काच्या जमिनीचं काय करायचं, ते सभेत सांगत नसावेत.

ते मिलमधले जॉबर, कामगारांवर हुकूम सोडणारे मुकादम. निवृत्त झाल्यावर हुकूम झेलायला आम्हीच उरलो. मग त्यांनी आमच्या दारापुढे गॅलरीत बाक टाकला. बाकाला पोरं धडकतात म्हणून पुढे तुळशीचा डबा. तुळशीच्या रक्षणाला ट्रंक. ट्रंकेवर पहारा हवा, म्हणून बाक उचलून ट्रंकेच्या पुढे. एवढ्यात शेजारच्या मास्तरांचं दार ओलांडून झालं होतं. मास्तर अंग चोरून घरात शिरत म्हणाले, "घेऊ दे हो. एवढ्यानं भागेल त्यांचं."

नाही भागलं. गॅलरीच्या टोकाला खाणावळवाल्या मावशी राहायच्या. मजल्यावर ऊन काय ते तिथंच पडे, आणि त्यात त्यांच्या वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळायच्या. एका सकाळी बघतात तर तिथं बाक, बाकावर मामंजी.

"भावानू, उठा. माज्या उन्हात बसलासात."

"उन्हावर नाव लिहिलंय तुमचं?"

"मिरच्यो सादळल्यो तर माजी खानावळ बंद पडतली. गिराईक काय तुमचो बाक खातला?"

वाटाघाटींना मला पाठवण्यात आलं. अट एकच: बाकाचा विषय काढायचा नाही. मी वाटीभर साखर घेऊन गेले आणि वाटीभर कालवण घेऊन आले. माझ्या हातच्या आमटीला घरात कुणी आमटी म्हणत नसे, त्यामुळे मामंजींनी शत्रूचं ते कालवण बोटं चाटून संपवलं आणि पुन्हा जाऊन बाकावर बसले.

तिसऱ्या दिवशी मावशींनी शेगडी दारात आणली, तवा चढवला आणि अर्धवट वाळलेल्या मिरच्या मूठभर टाकल्या. असा तिखट धूर उठला की मास्तर शिंकत जिन्यापर्यंत गेले. खालच्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, "अश्रुधूर! पोलीस आले!" ओले रुमाल नाकाला लावून माणसं बाहेर धावली आणि पोलीस दिसेनात म्हणून मावशींच्या शेगडीकडे बघतच जोरजोरात घोषणा देऊ लागली. मामंजी एकटे बाकावर ठाम. दुसरी मूठ तव्यावर पडली, तसे ते बाक, तुळस, ट्रंक, एक चप्पल, सगळं टाकून घरात पळाले.

संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "बाईमाणूस आहे, म्हणून मोठ्या मनानं जागा दिली."

बाक आमच्या दारात परत आला. आठवड्याभरात मात्र तो मास्तरांच्या बाजूला चार बोटं सरकलेला दिसला. मावशी उन्हात मिरच्या हलवत होत्या. त्यांनी मूठभर मिरच्या उचलून शेगडीकडे बघितलं फक्त.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "बाक जरा आत घे. इथं ऊन फार लागतं."