मिठागराबद्दलचं एक वाक्य

निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहू लागलो. तिथे कुणीही लेख लिहावा, कुणीही तो दुरुस्त करावा. पगार कुणालाच नाही. पनवेल-उरणकडच्या बऱ्याच गावांवर जेमतेम दोन ओळी होत्या. मी वडिलांच्या गावापासून सुरुवात केली. त्यात लिहिलं, 'खाडीचा बांध फुटल्यामुळे गावातलं मिठागर बंद पडलं.'

दुसऱ्या दिवशी ते वाक्य गायब. कुणा संपादकाने 'संदर्भ नाही' असं कारण देऊन काढलं होतं. मी परत घातलं, ते परत निघालं. मग मी लेखाच्या चर्चापानावर तावातावाने लिहिलं, 'साहेब, माझे वडील त्या मिठागरात राबले. त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी. आणखी कसला संदर्भ हवा?'

संध्याकाळी उत्तर आलं. 'तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण उद्या हा लेख वाचणाऱ्याने तुमच्या वडिलांना कुठे शोधायचं? छापील काही मिळतं का बघा. आणि मी साहेब नाही, बाई आहे. खारघरला राहते, लॅबमध्ये रक्त तपासते.'

मी ओशाळलो, पण राग गेला नव्हता. पनवेलच्या वाचनालयात चकरा सुरू केल्या. तिथल्या कपाटात गावच्या शाळेची एक जुनी स्मरणिका मिळाली. तिच्यात मुख्याध्यापकांनी स्पष्ट लिहिलं होतं: मिठागर आधी बंद पडलं, बांध त्यानंतर दोन पावसाळ्यांनी फुटला.

माझा विश्वास बसेना. तडक गावी आत्याकडे गेलो. तरुणपणी तीही वडिलांबरोबर मिठागरात कामाला होती.

"मास्तरनं बरोबर लिवलंय," ती म्हणाली. "बांद मागाहून फुटला. आनि तुज्या बापानं तर त्याच्याही आदी काम सोडलेलं. मुकादमाशी भांडून."

"मग आम्हाला बांधाचं का सांगितलं?"

"काम गेलं ते पोरांना काय सांगनार? बांद फुटला म्हंजे कुनी कायच विचारत नाय."

परत येऊन मी वाक्य बदललं, स्मरणिकेचा संदर्भ जोडला. खारघरच्या बाईंनी संदर्भाची मांडणी नीट केली आणि विचारलं, 'मिठागरात बायकाही काम करायच्या ना? त्यावर लेखात एक ओळ नाही.' खरंच नव्हती. त्या परिच्छेदावर आम्ही दोघांनी मिळून दहाएक दिवस काम केलं. मी स्मरणिकेतून उतरवायचो, त्या माझी पाल्हाळिक वाक्यं छाटायच्या.

लेख पुरा झाल्यावर मी तो आत्याला मोबाईलवर वाचून दाखवला. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भांडनाचं लिवलं नायस?"

"ते कुठे छापलेलं नाही, आत्या. आणि घरातली गोष्ट ती."

"घरातली कसली? सगल्यांसमोर झालं. मला सातवा म्हयना होता, तरी मुकादम मिठाच्या पाट्या उचलायला लावायचा. तुज्या बापानं माज्या डोक्यावरची पाटी उतरवली नि त्याच्या पायाशी ओतली. दुसऱ्या दिवशी आमी दोगंही कामाला गेलो नाय."

ज्ञानकोशात हे घालता येणार नाही, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. तरी घरी आल्यावर मी ते चर्चापानावर बाईंना लिहून कळवलं. त्यांनी लिहिलं, 'लेखात नको. पण दुसरीकडे कुठेतरी लिहाच.'