शनिवारचं कॉलेज

ये गं दीना, अशी जवळ बस. आधी थोडं ऐकून घे माझं. तुझी आई गेल्याचं कुणी एवढ्याशा पत्रात उरकतं का? तुझ्या चार ओळी, त्यातल्या दोन माझ्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या... दोन महिने झाले, रोज ते पत्र काढते नि परत ठेवते. तू तिकडे इस्रायलमध्ये, मी इथे पनवेलला. म्हणून जे समोर बसवून सांगायचं ते कागदावर सांगतेय. इतरांनीही वाचावं, तुझी आई, माझी मैत्रीण मिल्का, कोण होती ते.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. तुझ्या आजोबांकडे ज्यू रीतीप्रमाणे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवार कडक पाळायचे. त्या दिवशी विस्तवाला हात लावायचा नाही, लेखणीलाही नाही. म्हणून सकाळी त्यांची चूल पेटवायला मी जायची. मला चौथीतूनच काढलेलं. वडील म्हणायचे, "कॉलेज म्हणजे मुली बिघडवायचा कारखाना," आणि शाळा ही त्याची पहिली पायरी. मिल्का मात्र मुंबईच्या कॉलेजात गेली, आमच्या आळीतली पहिलीच मुलगी. मामाकडे राहायची आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत एसटीने घरी यायची. आठवडाभर शिकलेलं पक्कं व्हावं म्हणून शनिवारी ती ते मोठ्याने सांगायची, आणि तिला त्या दिवशी लिहायचं नाही म्हणून मी लिहून घ्यायची. आजोबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "बोलायला मनाई नाही." संध्याकाळी आम्ही दोघी ओटीवर उभ्या राहून आभाळात तीन तारे शोधायचो. तिसरा दिसला की शनिवार सुटला. मग मिल्का लाल पेन्सिल घेऊन माझी वही तपासायला बसायची. दारावर येणारी मासळीवाली विचारायची, "काय गो, आज तुजा कालेज नाय?" थट्टाच ती, पण मला ऐकायला आवडायची, खरं सांगते.

मग पेणची माणसं मला पाहायला आली. "मुलगी किती शिकली?" आई चौथी म्हणणार, एवढ्यात माझ्या शेजारी बसलेली मिल्का म्हणाली, "कॉलेजात आहे." मुलगा मॅट्रिक. त्याच्या आत्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "एवढी शिकलेली आम्हाला झेपायची नाही हो."

ती माणसं गेल्यावर मी मिल्काला म्हटलं, "खोटं का बोललीस?"

"खोटं कुठे? मग दर शनिवारी काय करतेस तू?"

मी अबोला धरला. पुढच्या शनिवारी चूल पेटवायला गेले नाही. तुझ्या आजोबांना ताप होता. भिंतीपलीकडे त्यांचा खोकला ऐकू येत होता, चहाचा घोट मिळाला नसणार हेही कळत होतं... मी त्याच भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत बसले.

त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. कुणी काही विचारलं नाही. मिल्का नुसतं म्हणाली, "लिही. सर सांगत होते, कॉलेज या शब्दाचा जुना अर्थ इमारत नव्हे. एका कामासाठी एकत्र आलेली माणसं." मग म्हणाली, "दोन असली तरी चालत असतील." तेही मी लिहिलं. तारे दिसले, तेव्हा तिने पेन्सिल माझ्याच हातात दिली. "हे पान तू तपास." मी ते पान तसंच ठेवून वही मिटली.

पुढे माझं लग्न गावातच झालं, तुझी आई लग्न होऊन तिकडे गेली. पत्रं येत-जात राहिली. त्या एका शनिवारची माफी मागायची, असं प्रत्येक पत्राला बसताना ठरवायची. सासरचं, पोरांचं, लोणच्याचं सगळं लिहायची, आणि तेवढंच राहून जायचं. आता कुणाला लिहू...

वही फडताळात आहे, पेन्सिलीचं थोटूकही. सगळ्या पानांवर तुझ्या आईच्या लाल खुणा आहेत, त्या शनिवारचं ते एकच पान तसंच राहिलंय. आईने तुला मराठी शिकवलंय ना, मग लवकर ये बाई. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोहोच. शनिवारी तुझा चहा मी ठेवीन, आणि तिसरा तारा दिसला की ते पान तू तपास.