कुंदाताईंचा तेरावा भाग

कळंबच्या आमच्या गल्लीत कुंदाताईंच्या शब्दाला जी किंमत होती, ती तहसील कचेरीच्या शिक्क्यालाही नव्हती. शिक्का त्यांच्या घरातच होता म्हणा. नवरा चंद्रशेखर कचेरीत कारकून. पण गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कचेरीतला कागद बदलते, कुंदाताईचं सांगणं बदलत नाही."

ही कीर्ती त्यांना मिळाली ती एका टीव्ही मालिकेमुळे.

नव्वद सालची गोष्ट. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'घर नंबर तीन' नावाची हिंदी विनोदी मालिका लागायची. खाष्ट सासू अम्माजी, तिची सून सुमन, आणि दर भागात दोघींची जुंपणारी जुगलबंदी. गल्लीत टीव्ही एकच, कुंदाताईंचा. रविवारी त्यांच्या खोलीत एवढ्या बायका बसत की चंद्रशेखरराव पेपर घेऊन न्हाणीघराच्या पायरीवर जाऊन बसत. मालिकेचे शेवटचे तेरा भाग राहिले आणि नेमकी टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. दुरुस्तीवाल्याने संच यवतमाळला नेला आणि "नागपूरहून पार्ट येऊन राह्यला" असं तो पुढचे चार महिने सांगत राहिला.

मग कुंदाताईंनी आपल्या आईला आजारी पाडलं. आई यवतमाळला भावाकडे असायची, ठणठणीत होती, रोज दोन मैल चालायची. पण दर रविवारी सकाळी सातच्या एसटीने कुंदाताई 'आईला पाहायला' जाऊ लागल्या. भावाच्या घरी मालिका पाहायची, दुपारी परत यायचं आणि तीन वाजता ओट्यावर बसून सगळा भाग सांगायचा. बायका तूर निवडत, पापड लाटत ऐकत. अम्माजीचा आवाज वेगळा, सुमनचा वेगळा. दाराआड उभी राहून अम्माजी कशी ऐकते, तेसुद्धा त्या उठून करून दाखवायच्या. मानीबाई म्हणायची, "टीव्हीत तं अम्माजी एवढीशी दिसे. आता पुरी दिसते."

बारा रविवार असे गेले. तेराव्या रविवारी भावाच्या मुलीला पाहायला दारव्ह्याची मंडळी आली.

येऊन बसली आणि मुलाचे वडील म्हणाले, "पहिले ते सीरियल होऊन जाऊ द्या, शेवटचा भाग आहे. मग मुलीला बोलवा." सगळे दिवाणखान्यात टीव्हीपुढे. वहिनी मुलीला साडी नेसवत होती. राहिल्या कुंदाताई. वहिनी दारातून म्हणाली, "ताई, पोहे तेवढे तुमच्या हातचे. आणि भजी." बारा आठवडे एसटीचे धक्के खाल्लेल्या बाईने तेरावा भाग कांदा चिरत ऐकला. तळणाच्या आवाजात शब्द काही कळेनात. हसण्याचे लोट आले. अम्माजी मोठ्याने किंचाळली. मग एक दार धाडकन वाजलं, पुन्हा हशा आला आणि दारव्ह्याचे पाहुणे म्हणाले, "वा!"

"काय झालं रे शेवटी?" त्यांनी भजी नेताना भावाला विचारलं.

"गोड झालं," भाऊ म्हणाला आणि त्याने भजं उचललं.

परतीच्या एसटीत कुंदाताई विचार करत राहिल्या. ओट्यावर आठ बायका वाट पाहत असणार. त्यांना काय सांगायचं, मी भजी तळत होते? कळंबच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यांच्याजवळ एक दार होतं, एक किंकाळी होती आणि 'गोड' हा शब्द होता. तेवढ्यावर त्यांनी शेवट उभा केला.

सुमनला शाळेत नोकरीची चिठ्ठी येते. अम्माजी किंचाळते, आकाशपाताळ एक करते. सुमन किल्ल्यांचा जुडगा सासूच्या मांडीवर ठेवते, पर्स घेते आणि निघते. दार वाजतं. अम्माजी खिडकीशी जाऊन तिला वळणापर्यंत पाहते. मग स्वतःशीच म्हणते, "चलो, आज से चाय मैं बनाऊँगी."

ओट्यावर पापड लाटणारे हात थांबले होते. शेवटी समोरच्या घरातल्या जमनीबाईने विचारलं, "सासू असं बोल्ली? खुद?"

"स्वतः बोलली."

"टीव्हीत?"

"मग काय माझ्या स्वयंपाकघरात?" कुंदाताई म्हणाल्या आणि पदराने घाम पुसला.

जमनीबाई तांड्यावरची. शेती अजून तिकडेच होती, पण पोरांच्या शाळेसाठी घर कळंबला केलेलं. तिची सून उज्ज्वला बारावी झालेली, आणि लग्नाआधी भरलेल्या डी.एड.च्या अर्जाचं उत्तर कपड्यांच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं. जून महिन्यात जमनीबाईने ती पेटी उघडली आणि सुनेला डी.एड.ला पाठवायचं ठरवलं. नवरा रामसिंग आणि मुलगा जीवन दोघं आडवे उभे राहिले तेव्हा म्हणाली, "टीव्हीत दाखवलं. मोठ्या मोठ्या घरच्या सुना जाऊन राह्यल्या." तीन वर्षांनी उज्ज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली.

त्यानंतरची चौदा वर्षं कशी गेली ते आमच्या भागात कोणाला सांगायला नको. कापसाला कधी पाऊस नडला, कधी बोंडअळी, कधी भाव. जमनीबाईच्या घरात मात्र एक पीक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता यायचं. आलेगेले तिला विचारायचे, सुनेला शिकवायची बुद्धी कशी झाली? ती समोरच्या घराकडे बोट करायची. "त्या कुंदाताईनं सीरियल सांगलतं. त्याच्यात होतं."

कुंदाताई तेव्हा काहीतरी काम काढून आत जायच्या. पहिली काही वर्षं त्यांना रुखरुख होती. मग वाटायला लागलं, कोण जाणे, झालंही असेल तसंच. 'घर नंबर तीन' पुन्हा कधी लागलं नाही. त्याच्या टेपा कुठे पडल्या असतील ते कोणाला ठाऊक नव्हतं. कुंदाताईंना यासारखी समाधानाची दुसरी गोष्ट नव्हती.

दोन हजार सातच्या पोळ्याला त्यांचा मुलगा श्रेयस पुण्याहून रजा काढून आला. संगणकाच्या कंपनीत होता. बॅगेतून त्याने सीड्यांचा चकचकीत डबा काढला. वर अम्माजीचा डोळे वटारलेला फोटो. 'घर नंबर तीन : आखिरी तेरह'.

"आई, तुझी सीरियल! टेपा सापडल्या म्हणे कुठल्याशा गोदामात. डिजिटल करून काढल्यात. एकदम क्लिअर."

कुंदाताईंनी डबा हातात घेतला. त्यांना पहिल्यांदा भज्यांचा वास आला आणि मग जमनीबाईचं ते बोट दिसलं.

"छान," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी डबा तांदळाच्या पिंपात तळाशी गेला.

संध्याकाळी श्रेयस जेवायला बसला. "आई, डबा सापडेना. पण काही हरकत नाही, मी सकाळीच कॉप्या मारल्या. एक मानीकाकूला दिली, एक लालीकाकूला, एक समोर गुंजनला." गुंजन म्हणजे उज्ज्वलाची मुलगी. "जमनीमावशी तर फार खूश. रविवारी सगळ्यांनी मिळून पाहायचंय म्हणे. शेवटचाच भाग लावू, बाकी कोणाला वेळ आहे?"

"तुला कोणी सांगितलं होतं वाटायला?"

"अगं, तुझ्यासाठीच ना! तूच म्हणायचीस, गल्लीला शेवट पाहायला मिळाला नाही."

चंद्रशेखरराव भात कालवत म्हणाले, "पिंपातला तांदूळ आज फार वर आल्यासारखा दिसला."

कुंदाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वरण मागितलं नाही.

शनिवारी त्या चिंतामणीला जाऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाकडे लोडशेडिंग मागितलं. रोज दहा-बारा तास जाणारी वीज, तिला रविवारी दुपारी दोन तास जायला काय हरकत होती? पण ती दुपारभर गेली नाही. जमनीबाईच्या घरात पंखा गरगर फिरत होता आणि त्याखाली गल्लीतल्या बायका गच्च बसल्या होत्या. आता केस पांढरे, गुडघे दुखणारे. कुंदाताईंना सगळ्यांत पुढे खुर्ची दिली. "तुम्ही तं पाह्यलेलं हाय," मानीबाई म्हणाली, "आमच्याआधी हसू नका."

गुंजनने तबकडी घातली.

तेरावा भाग कुंदाताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सुमनला खरंच नोकरीची चिठ्ठी येते. त्यांचा अंदाज इथवर बरोबर निघाला आणि त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. मग अम्माजी किंचाळते आणि बेशुद्ध पडल्याचं सोंग करते. सुमन घाबरते, चिठ्ठी फाडते, कान पकडते. अम्माजी एक डोळा उघडून नवऱ्याला खूण करते. हशा. खीर करायची ठरते. दार धाडकन उघडतं, दूधवाला आत येतो आणि केळीच्या सालीवरून घसरून सोफ्यावर पडतो. पुन्हा हशा. समाप्त.

खोलीत कोणी हसलं नाही. उज्ज्वला मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा कुंदाताईंकडे.

कुंदाताईंना लाज वाटायला हवी होती. पण आधी त्यांना राग आला. एवढ्यासाठी बारा वेळा एसटी? केळीची साल?

"कुंदाताई," मानीबाई सावकाश म्हणाली, "तुम्ही तं सांगलतं का थे दरवाजातून निंगून जाते. चाबी ठेवून."

कुंदाताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात जमनीबाई बोलली.

"बोगस हाय हे."

"काय?" श्रेयस दारात उभा होता.

"सीडी बोगस हाय म्हणते मी. आपलं डुप्लिकेट भरून देल्लं कोणीतरी."

"मावशी, ओरिजिनलवरून कॉपी केलीय. कंपनीची आहे. डब्यावर होलोग्राम आहे, चमकणारा!"

"यंदा आमच्या बियाण्याच्या पाकिटावरही होता," जमनीबाई म्हणाली. "तोही चमके. निम्मं उगवलंच नाही."

यावर खोलीत एकदम जीव आला. लालीबाईच्या नवऱ्याने आणलेलं फवारणीचं औषध पाण्यासारखं निघालं होतं, अळ्या त्यात न्हाऊन ताज्या झाल्या. मानीबाईच्या घरचं खत म्हणजे नुसती माती. "बियाणं बोगस, खत बोगस, औषध बोगस," ती म्हणाली, "सीडी काहून असली निंगन?"

"पण त्यात तेच कलाकार आहेत, काकू! त्यांनीच केलंय!"

"बाबू," लालीबाई समजुतीने म्हणाली, "पुण्यात फसवतेत रे भोळ्या पोराईले."

श्रेयसने आईकडे पाहिलं. "आई, तू सांग ना! तू पाहिलाय तो भाग."

कुंदाताईंनी गुडघ्यावरचा पदर नीट केला. "फार जुनी गोष्ट झाली," त्या म्हणाल्या.

पण रात्रभर त्यांना ते टोचत राहिलं. सोमवारी सकाळी त्या समोर गेल्या. जमनीबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती.

"जमनीबाई, सीडी खरी आहे. मी तो भाग पाहिलाच नव्हता. आत स्वयंपाकघरात होते, भजी तळत."

"मालूम हाय मले," जमनीबाई सुपातून मान वर न करता म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी तुमी वट्यावर येऊन बसल्या तं पदराले तेलाचा नि कांद्याचा वास येऊन राह्यलता. बारा इतवार नाही आला तो वास. दिवाणखान्यात टीव्ही पाह्यणाऱ्या बाईले फोडणीचा वास कायले येईन?"

कुंदाताई पायरीवरच बसल्या. "मग उज्ज्वलाला का पाठवलंत? माझ्या खोट्यावर?"

"पाठवाचंच होतं मले. पण मी म्हटलं असतं तं आमच्या बुढ्यानं आयकलं असतं का? बायकोचं कोण आयकते? टीव्हीचं आयकतेत." तिने एक खडा वेचून अंगणात फेकला. "कालच्यानं थेच टीव्ही उलटं बोलून राह्यलं. गुंजनचं नागपूरले शिकाचं चाल्लं हाय. पुन्हा कोणी म्हणन, पाहा, सुमन तं घरीच राह्यली. म्हणून म्हटलं, बोगस."

आतून उज्ज्वला आली. खांद्याला पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. "येतो बाई," ती सासूला म्हणाली. कुंदाताईंकडे पाहून हसली. तिच्या मागे दार धाडकन वाजलं. त्या दाराची कडी सैल होती.

"बसा, चाय मांडतो," जमनीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

चहात साखर फार होती. सतरा वर्षं रोज सकाळी करूनही जमनीबाईला चहा काही जमला नव्हता. कुंदाताईंनी तो सगळा प्यायला. अंगणातल्या पेरूच्या झाडाला, पोपटांनी फळं खाऊ नयेत म्हणून, सुतळीने बांधलेली श्रेयसची तबकडी उन्हात गोल गोल फिरत होती.